कधीच न भरणारा खड्डा

आमच्या घरामागच्या संडासाचा खड्डा एकवीस वर्षांत एकदाही उपसावा लागला नाही. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीत ही मोठेपणाने सांगायची गोष्ट होती. ज्याने तो बांधला त्या गवंड्याचं बोलणं मला अजून आठवतं. शेवटचा चिरा बसवून त्याने हात झटकले आणि म्हणाला, "वैनी, जांभ्यात घातललो खड्डो आसा. तुमच्या नातवंडांकय उपसूची पाळी येवची नाय." त्याचा शब्द अक्षरशः खरा ठरला. पाणी जात होतं, वास येत नव्हता, झाकण उघडायची वेळ कधी आली नाही. ते पाणी जातं कुठे, हे मात्र एवढ्या वर्षांत घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२०२३च्या मे महिन्यात ते विचारावं लागलं.

पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेत फिरतो. त्याच्या यादीत सार्वजनिक विहिरी आणि नळ असतात, आमची परड्यातली विहीर नसते. मी त्याच्याकडून एक जादा बाटली मागून घेतली. बोटभर उंचीची काचेची बाटली, आत औषध लावून वाळवलेली कागदाची घडी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि घरात उबेला ठेवून द्यायची. मी ती देवघराच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नुसतं पिवळसर होतं. संध्याकाळी दिवा लावायला गेले तेव्हा कागदाच्या कडा तपकिरी दिसू लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईच्या दौतीसारखी काळी झाली होती. खिडकीतल्या उन्हात धरली तरी पलीकडचा गज दिसेना.

ही चाचणी आपल्याकडचीच आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी ती १९८२ साली मांडली. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारे कितीतरी जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. कागदावरच्या औषधात लोहाचा क्षार असतो, त्याच्याशी या वायूचा संयोग झाला की काळा रंग उतरतो. बाटली काळी झाली याचा अर्थ, पाण्यात विष्ठेचा अंश असण्याची दाट शक्यता.

सासूबाईंना मी बाटली दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. "ह्याच पाण्यार माझी पन्नास वर्सा गेली," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला त्या क्षणी आठवलं ते दर वर्षीचं गणपतीतलं दृश्य. मुंबईहून येणाऱ्या पोरांपैकी दोघा-तिघांची पोटं तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिघडायचीच. आम्ही प्रवासाला, मोदकांना, जागरणांना दोष द्यायचो. आणि त्यांना बरं वाटावं म्हणून त्याच विहिरीचं पाणी साखर-मीठ घालून पाजायचो.

पुढे प्रयोगशाळेत नमुना दिला. अहवालात ई-कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारे जिवाणू, आढळल्याचं आलं. नायट्रेट लिटरला ३८ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ या मर्यादेच्या आत, पण आमच्या भागातल्या विहिरीच्या मानाने बरंच. त्या दिवसापासून प्यायचं पाणी उकळायला लागलो आणि विहिरीत जंतू मारणारी टीसीएल पावडर पडू लागली. पण हे दोन्ही म्हणजे छपराखाली पातेलं ठेवण्यासारखं. गळतं कुठून, ते शोधायचं होतं.

टेप लावून मोजलं. खड्ड्यापासून विहीर साडेअकरा मीटर. सेप्टिक टँकसाठीचं भारतीय मानक आहे, क्रमांक २४७०, १९८५ सालचं. सांडपाणी जमिनीत जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर लांब हवी, असं त्यात लिहिलेलं आहे. हे मानक आमचा खड्डा खणला त्याच्या कितीतरी आधीचं. बांधणाऱ्याने सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. घराच्या नकाशात पायऱ्यांची उंचीसुद्धा चार वेळा बदलून घेणारे आम्ही, खड्डा कुठे खणायचा हे मात्र मजुरांच्या सोयीवर सोडलं होतं.

तरी जवळ आहे म्हणून दोषी, असं धरून चालणं मला पटेना. विहिरीवर गुरंही येतात, कोंबड्या फिरतात. म्हणून एक साधा प्रयोग केला. विहिरीच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं पेनासारखं यंत्र आणलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं, आकडा ९० ते ९५च्या दरम्यान राहिला. मग वीस किलो जाडं मीठ पिंपात विरघळवून संडासातून खड्ड्यात सोडलं. पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी १०८. पाचव्या दिवशी सकाळी १३१. सहाव्या दिवशी १४४, आणि मग हळूहळू उतार. मी आकडे लिहिलेला कॅलेंडरचा तो कागद अजून जपून ठेवला आहे. एकवीस वर्षं ज्या खड्ड्याचं कौतुक केलं त्यातलं पाणी साडेतीन-चार दिवसांत आमच्या कळशीत येत होतं.

जांभा हातात घेऊन पाहिला आहे का कुणी नीट? ताज्या चिऱ्याची एक बाजू उन्हात धरा. त्यात बोट जाईल एवढी, कधी अंगठा जाईल एवढी भोकं आणि नळ्या असतात, एकात एक गुंतलेल्या. काही पिवळ्या मातीने भरलेल्या, काही मोकळ्या. आमच्याकडे विहीर खणणारे जाणकार सांगतात की जांभा संपून खालची पांढुरकी चिकण माती लागली की झरे फुटतात. कारण सोपं आहे. जांभ्यातून पाणी सरसर खाली जातं, चिकण मातीवर थांबतं आणि तिच्या उतारावरून आडवं वाहू लागतं. विहिरीत पाणी येण्याची वाट आणि खड्ड्याचं पाणी जाण्याची वाट एकच होती. खड्डा भरत नव्हता तो या नळ्यांमुळे.

आणि तो सेप्टिक टँकही नव्हता. आमच्याकडे सगळे त्याला 'टाकी' म्हणतात, पण तळ नाही, आतून गिलावा नाही, नुसते चिरे रचलेले. खरी टाकी पाणी धरून ठेवते. त्यात मैला दिवस-दोन दिवस स्थिर राहतो. जड ते तळाला बसून गाळ होतो, तेल-तूप-चरबी वर येऊन तिची साय धरते, आणि मधल्या थरातलं गढूळ पाणी टी-आकाराच्या पाईपातून बाहेर पडतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ थोडाथोडा खातात, म्हणून टाकी काही वर्षांनी उपसली तरी चालते. पण एवढं करूनही टाकीतून निघणारं पाणी घाणच असतं. त्यातली सेंद्रिय घाण निम्म्यानेही कमी झालेली नसते आणि १०० मिलिलिटरला विष्ठेतले जिवाणू लाखांच्या घरात असतात. टाकीचं काम घट्ट मैला पाण्यापासून वेगळा करणं. पाणी स्वच्छ करायचं काम मातीचं आहे.

मला हे कळायला वेळ लागला, म्हणून इथे जरा थांबते. 'पाणी जिरलं' म्हटलं की आपल्याला काम झालं असं वाटतं. जिरणं आणि शुद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधीकधी एकमेकींच्या उलट आहेत. उथळ चरात खडी पसरून, त्यावरच्या भोकांच्या पाईपातून टाकीचं पाणी सोडलं, की ते खडीतून खालच्या मातीवर टेकतं. काही आठवड्यांत त्या जागी काळपट, बुळबुळीत, साबुदाण्याच्या खिरीला साय धरावी तसा पातळ थर तयार होतो. तो जिवाणूंचा आणि त्यांनी सोडलेल्या चिकट द्रव्याचा असतो. हा थर पाण्याला अडवतो, आणि तेच हवं असतं. अडल्यामुळे पाणी चराच्या सगळ्या लांबीभर पसरतं आणि थेंबाथेंबाने खाली उतरतं.

थराखालची माती ओलसर असते, पण तिच्यातल्या मोठ्या पोकळ्यांत हवा असते. सगळी मदार या हवेवर आहे. पाणी कणांना लपेटून पातळ पापुद्र्यासारखं सरकतं. वाटेत जिवाणू कणांच्या फटीत अडकतात, मातीतले सूक्ष्मजीव त्यांना खातात, बाकीचे उपाशी मरतात. विषाणू त्याहून कितीतरी लहान, ते फटीत अडकत नाहीत. ते चिकणमातीच्या आणि लोहाच्या कणांना चिकटून बसतात. अमोनियाचं रूपांतर नायट्रेटमध्ये होतं, तेही हवा असली तरच. फॉस्फेटला तर आमची तांबडी माती लोह आणि ॲल्युमिनियमच्या जोरावर धरूनच ठेवते. कलमांना घातलेलं फॉस्फेट झाडाला पुरतं मिळत नाही, अशी तक्रार इथले बागायतदार करतात ना, तोच गुण इथे उपयोगी पडतो. नायट्रेट मात्र मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. म्हणून अंतर राखावंच लागतं.

आता हीच माती पाण्याने पूर्ण भरली तर? हवा गेली. पाणी मोठ्या पोकळ्यांतून धावतं, जिवाणूही त्याच्याबरोबर. दहा फूट खोल खड्डा जांभ्यात नेऊन सोडला की हेच होतं, आणि पावसाळ्यात तर तो भूजलातच बुडालेला असतो.

तेव्हा मला जागा शोधायची होती अशी, जिथे पाणी जिरेल पण सावकाश जिरेल. यासाठी जिरण्याचा वेग मोजतात. मे संपायच्या आत आम्ही तीन ठिकाणी खड्डे घेतले: एक जुन्या खड्ड्याजवळच्या जांभ्यात, दुसरा घराच्या खालच्या अंगाला कलमांच्या बागेच्या कडेला, तिसरा त्याखाली भाताच्या मळ्याच्या बांधाशी. प्रत्येक खड्डा फूटभर रुंद, चराचा तळ येणार तितका खोल. कडा कोयत्याच्या टोकाने खरवडून घेतल्या, कारण पिकावाने खणताना माती दाबून गुळगुळीत होते आणि खोटा आकडा देते. तळाशी दोन बोटं वाळू. मग पाणी भरून रात्रभर मुरू दिलं. कोरडी माती आधी तहान भागवते, तो वेग धरायचा नसतो.

सकाळी पुतण्या मोबाइलवर वेळ लावून बसला. आडवी काठी, तिला बांधलेली पट्टी, आणि पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. जांभ्यातल्या खड्ड्यात पट्टी धरेपर्यंत पाणी गेलं. चाळीस सेकंद. मळ्याच्या बांधाशी तासभर बसलो तरी १५ मिलिमीटरच्या पुढे गेलं नाही. कलमांच्या कडेला तीनदा मोजलं: आठ मिनिटं, नऊ, पुन्हा नऊ. हाताखालची माती तिथे खोल आहे, तांबडी, थोडी वाळूची, थोडी चिकण. ओली मूठ दाबून अंगठ्याने पुढे ढकलली तर इंचभर पट्टी निघते आणि तुटते.

शेजारचे आबा बांधावर उभे राहून हे सगळं बघत होते. "हयसर पाणी नऊ मिनिटा ऱ्हवता, आणि तिकडे एका मिनिटात जाता. मगे चांगली जागा ती, की ही?" त्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. वाडीतल्या कुणालाही हाच पडला असता.

या मोजणीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन यांनी अशाच खड्ड्यांत पाणी उतरायचा वेळ मोजून, तिथली जमीन किती सांडपाणी पेलते याचं गणित बसवलं. त्याच वळणाचं सूत्र आपल्या मानकात आहे. २०४ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं, की चौरस मीटरला दिवसाला किती लिटर सोडता येईल ते मिळतं. नऊचं वर्गमूळ तीन, म्हणजे ६८ लिटर.

घरात आम्ही पाच माणसं. मोरीचं आणि न्हाणीघराचं पाणी पूर्वीपासून माडांना आणि केळींना जातं, ते तसंच ठेवायचं होतं. उरलं संडासाचं, माणशी ४० लिटर धरलं तर दिवसाला २००. पण कोकणातल्या घराचा हिशेब पाच माणसांवर करून चालत नाही. गणपतीत आमच्याकडे अठरा माणसं असतात. त्यांचे झाले ७२० लिटर. ७२० भागिले ६८, साडेदहा चौरस मीटरच्या वर. मी ठरवलं, ६० सेंटिमीटर रुंदीचे आणि ९ मीटर लांबीचे दोन चर. दोघांत दोन मीटर अंतर.

लगेच खणायला सगळे तयार होते, मीच थांबवलं. मे महिन्याची जमीन फसवते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत विहिरीचं पाणी कठड्यावरून वाकून तांब्याने घेता येईल इतकं वर येतं. कलमांच्या कडेला तीन मीटर खोल, अरुंद खड्डा घेऊन त्यात भोकांचा पाईप उभा केला आणि पावसाळाभर दर रविवारी काठी बुडवून पाणी कुठवर आलं ते पाहिलं. सगळ्यात वर आलं ते जुलैअखेर, जमिनीखाली २.२ मीटर. चराचा तळ ६० सेंटिमीटरवर ठेवला, तर भर पावसातही खाली दीड मीटरहून अधिक हवेशीर माती उरते. तेव्हा मला धीर आला. नसती उरली तर वर भर घालून चर उंचावर घ्यावे लागले असते.

काम डिसेंबरात सुरू झालं. जुना खड्डा आधी रिकामा करायचा होता. शहरातून मैला उपसणारी गाडी मागवली, ती पाणंदीतून आत येईना, मग नळीला नळी जोडून रस्त्यावरून ओढावं लागलं. तळाचा घट्ट गाळ निघेना तेव्हा गाडीबरोबरच्या एकाने सुचवलं, "एक माणूस खाली उतरवूया, अर्ध्या तासाचं काम." मी साफ नाही म्हटलं. अशा खड्ड्यात साठलेला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय हे काम माणसाकडून करून घ्यायला बंदी आहे. कायदा नसता तरी माझ्या घरासाठी कुणी त्यात उतरणार नव्हतं. पाणी मारून गाळ पातळ केला, पुन्हा ओढला, जेवढा निघाला तेवढा निघाला. वर चुना टाकला आणि खड्डा चिऱ्यांच्या तुकड्यांनी आणि मातीने बुजवला. सासूबाई ओटीवरून बघत होत्या.

नवी टाकी दोन कप्प्यांची. आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर. तळाला काँक्रीट, आतून-बाहेरून गिलावा. बांधून झाल्यावर पाण्याने भरून दोन दिवस ठेवली आणि खूण केली. एक बोटभर उतरलं. गवंडी म्हणाला, "सिमिटान प्यालाऽ." पुन्हा भरली. दुसऱ्यांदा खूण हलली नाही, तेव्हाच पुढे गेलो.

चरांसाठी जेसीबी आणू दिला नाही. त्याच्या वजनाने खालची माती दबते, आणि जिच्यावर सगळी भिस्त आहे ती माती आपणच बंद करायची. चार माणसांनी पिकाव-फावड्याने दोन दिवसांत खणलं. चराचा तळ पाणसळ लावून सपाट केला. कडा आणि तळ दाताळाने ओरखडले. त्यानंतर तळावर कुणी पाय ठेवायचा नाही, असं सांगून ठेवलं. खडी क्रशरवरून आली ती पिठासारख्या भुकटीने माखलेली. तशीच घातली असती तर पहिल्या पावसात ती भुकटी तळाला बसून थर झाला असता. एक अख्खा दिवस आम्ही खडी धुतली. घमेल्यातून ओघळणारं पाणी आधी दुधासारखं, मग ताकासारखं, शेवटी स्वच्छ. या कामाची मजुरी देताना माझ्या नवऱ्याला ते जास्त वाटलं, मला नाही.

टाकीतून येणारं पाणी दोन्ही चरांना सारखं वाटलं जावं म्हणून मध्ये एक छोटं चेंबर असतं. त्यातून बाहेर जाणारी दोन्ही तोंडं केसभरही वर-खाली नकोत, नाहीतर सगळं पाणी खालच्या तोंडाने एकाच चरात जातं आणि तो बिचारा लवकर दमतो. गवंड्याने पाण्याच्या नळीने लेव्हल काढली, मग बादलीने चेंबरमध्ये हळूहळू पाणी ओतलं. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून बघत होतो. डाव्या तोंडातून धार आधी सुटली. त्याने सिमेंट ओलं असतानाच पाईप करंगळीने दाबला. पुन्हा ओतलं. या वेळी दोन्ही तोंडांवर पाण्याची गोल भिंगं एकदमच फुगली आणि एकदमच फुटली. तो काहीच बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघून हसला.

खडी, तिच्यावर भोकांचे चार इंची पाईप, भोकं खालच्या अंगाला. पाईप झाकेल इतकी आणखी खडी. तिच्यावर भाताचा पेंढा जाड अंथरला, म्हणजे वरची माती खडीत घुसत नाही. पेंढा कुजेपर्यंत माती आपली आपण बसलेली असते. वर किंचित उंचवटा ठेवून माती आणि गवत. प्रत्येक चराच्या टोकाला एक उभा पाईप ठेवला, टोपण लावून, आत डोकावायला. घराच्या पागोळ्यांचं पाणी आधी त्याच बाजूला उतरायचं, ते गडगा घालून वळवलं. चरांवर गाडी लावायची नाही, झाड लावायचं नाही. सासूबाईंनी एकदा अबोलीची रोपं आणून ठेवली, ती चालली.

नवीन चरांपासून आमची विहीर ३१ मीटर, आबांची २६, आणि दोन्ही वरच्या अंगाला. सगळा खर्च सव्वा लाखाच्या आसपास गेला. यातली जवळजवळ निम्मी रक्कम टाकीची. पहिल्यापासून नीट केलं असतं तर बरीच वाचली असती.

पहिल्या गणपतीत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अठरा माणसं, त्यात पाऊस. रोज पहाटे मी टोपण काढून बॅटरी मारायची. पहिले तीन दिवस पाईपाच्या तळाशी नुसती ओल. चौथ्या दिवशी डाव्या चरात आठ सेंटिमीटर पाणी उभं, उजव्यात सहा. मुंबईच्या जावेला मी सांगितलं, संडासात फिनेलची बाटली रिकामी करू नकोस, टाकीतले जिवाणू मरतील. तिला पहिल्यांदा ते विचित्र वाटलं, मग तिने मुलांना बोलावून त्या पाईपातून आत दाखवलं. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी दोन्ही चर कोरडे. त्या वर्षी कुणाचं पोट बिघडलं नाही. पाणी तोवर उकळूनच देत होतो, म्हणून त्याचं श्रेय मी चरांना देणार नाही.

विहीर दोनदा उपसली, पावडर टाकली, बाटल्या लावत राहिले. चर सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा पाणी तिसऱ्या दिवशीही पिवळसरच राहिलं. मग एप्रिलपर्यंत तसंच. नायट्रेट सावकाश उतरलं, ३८वरून वर्षभराने २४. दरम्यान आम्ही उकळणं सोडलं नाही, आणि ते बरं झालं. कारण पुढच्या जूनमध्ये, पहिले चार मोठे पाऊस पडून गेल्यावर, देवघराच्या फळीवरची बाटली पुन्हा काळी झाली.

मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. चर तपासले, टाकीची पातळी तपासली, सगळं जागच्या जागी. मग परड्यात उभी राहून वरच्या अंगाला पाहिलं. आबांचा खड्डा. आमच्या विहिरीपासून सतरा मीटर, त्यांच्या स्वतःच्या विहिरीपासून चौदा. जांभ्यात. कधीच न भरलेला.

त्यांना हे सांगायचं कसं, याचा विचार करण्यात आठवडा गेला. पन्नास वर्षांचा शेजार. शेवटी मी काही न सांगता त्यांना एक बाटली दिली, त्यांच्या विहिरीसाठी. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच गडग्याशी आले, बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळून. "वैनी, ता मीठ खंय मिळाला तुमका? आणि ता पेन?" म्हणाले.

त्यांच्या बागेत पाऊस उघडल्यावर आम्ही चार खड्डे घेतले. काल चौथ्याची पाळी होती. आबा पाटावर बसले होते, हातात आमचीच पट्टी आणि मनगटावर त्यांचं जुनं चावीचं घड्याळ. पुतण्याने मोबाइल पुढे केला तर नको म्हणाले. पाणी ओतलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. त्यांची सून दोनदा जेवायला बोलावून गेली. अकराव्या मिनिटाला त्यांनी पट्टीवर नख टेकवलं, घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "आता हेचा वर्गमूळ काढून सांग."